बाप्तिस्म्याची तयारी आणि क्षमेचा नेम : मराठवाड्यातील लहान मंडळ्यांसाठी मार्गदर्शन

मराठवाड्यातील गावोगावच्या लहान मंडळ्यांमध्ये (ख्रिस्ती उपासक समाजांमध्ये) बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी, ठरला की पाळकांची तारीख, पांढरे कपडे, जेवणाची पंगत आणि पुण्या-मुंबईकडे कामाला गेलेल्या नातेवाइकांना निरोप यांची जुळवाजुळव घरोघर उत्साहाने होते, आणि ती व्हायलाच हवी. परंतु या गडबडीत हा विधी ज्यासाठी आहे ती पापांची क्षमा बहुतेक वेळा उपासनेच्या पुस्तकातील एका वाक्यापुरतीच उरते. आपण "पापांच्या क्षमेसाठी एकच बाप्तिस्मा" मानतो, असे नायसियाच्या मतांगीकारात (विश्वासाच्या प्राचीन कबुलीत) उभे राहून म्हणतो. एकदाच होणारा हा विधी आणि घरात, बांधावर, पंचांच्या बैठकीत आठवड्यागणिक करावी लागणारी क्षमा यांचा धागा तुटला, तर रजिस्टरातील नावे वाढत जातात आणि मंडळी मात्र गटागटांत बसू लागते. हे मार्गदर्शन प्रामुख्याने पंच (मंडळीचा कारभार पाहणारे), वडील (मंडळीतील जबाबदार ज्येष्ठ), डीकन (मंडळीचे सेवाकार्य पाहणारे) आणि ज्यांच्या घरी बाप्तिस्मा व्हायचा आहे अशा कुटुंबांसाठी लिहिले आहे. जेथे आपल्या पंथाचा नियम वेगळा असेल, तेथे तो नियम आणि आपल्या पाळकांची सूचनाच प्रमाण मानावी.

तारखेच्या आधीची भेट

तारीख ठरवण्यापूर्वी किमान दोन-तीन महिने पाळकांना भेटावे. कॅथलिक कुटुंबांत बाळाचा स्नानसंस्कार जन्मानंतर लवकर होतो, तर प्रौढांची तयारी बरीच दीर्घ असते आणि ती सहसा पुनरुत्थानाच्या सणाच्या आदल्या रात्रीच्या उपासनेत पूर्ण होते. बाप्टिस्ट, ब्रदरन आणि पेन्टेकॉस्टल मंडळ्या स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यालाच, आणि तेही पूर्ण पाण्यात बुडवून, बाप्तिस्मा देतात. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही एकत्रित मंडळी २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झाली, तेव्हा तिच्यात बालकांना बाप्तिस्मा देणारे आणि न देणारे असे दोन्ही प्रवाह आल्यामुळे तिने दोन्ही पद्धती मान्य केल्या. आईवडील बाळाचा बाप्तिस्मा करून पुढे त्याचे दृढीकरण (स्वतः विश्वास कबूल करण्याचा विधी) करू शकतात, किंवा बाळाचे समर्पण (बाप्तिस्म्याविना, प्रार्थनेने देवाला अर्पण) करून त्याला मोठेपणी स्वतः निर्णय घेऊ देऊ शकतात. घरातील सासूबाई एका पद्धतीच्या आणि सूनबाई दुसऱ्या पद्धतीच्या मंडळीतून आलेल्या असतील, तर हा प्रश्न पंगतीचा दिवस ठरल्यावर नव्हे, या पहिल्या भेटीतच मोकळेपणाने मांडावा.

तारीख निवडताना गावाचे वर्ष पाहावे. बीड, धाराशिव, जालना या भागांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात आणि गाळप संपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये परततात. अशा कुटुंबातील उमेदवाराची शिकवणी पावसाळ्यात सुरू करून दसऱ्याच्या आत एक टप्पा संपवावा आणि बाप्तिस्मा पुनरुत्थानाच्या सणाला किंवा त्यानंतर पन्नासाव्या दिवसाच्या सणाला ठेवावा. प्राचीन मंडळीतही हेच दोन सण बाप्तिस्म्यासाठी पसंत केले जात, त्यामुळे यात कोणतीही तडजोड नाही. नाताळातली तारीख सोयीची वाटते, पण अर्धी मंडळी कारखान्याच्या फडावर असते. तेव्हा उरकलेला बाप्तिस्मा मंडळीच्या साक्षीवाचून होतो, आणि पुढे त्या माणसाला सांभाळायचे ते त्याच मंडळीला असते.

ज्याचा बाप्तिस्मा पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने आधीच झालेला आहे, त्याच्याविषयी मात्र सावध असावे. गावात नवी संगती सुरू झाली की "लहानपणीचा खरा नव्हे, आता पाण्याचा घ्या" असा आग्रह होतो, आणि कधी कधी ज्या पाळकांनी बाप्तिस्मा दिला ते पुढे एखाद्या गैरप्रकारात सापडल्यामुळे आपला बाप्तिस्मा वाया गेला अशी भीती साध्या माणसाच्या मनात बसते. हा प्रश्न फार जुना आहे. इ. स. ३०३ मध्ये सुरू झालेल्या छळात उत्तर आफ्रिकेतील काही धर्मसेवकांनी पवित्र शास्त्राच्या प्रती अधिकाऱ्यांच्या हवाली केल्या, आणि अशांच्या हातचे संस्कार निरर्थक आहेत असे म्हणणारा मोठा गट वेगळा झाला. त्यावर, बाप्तिस्मा हा देणाऱ्याचा नसून ख्रिस्ताचा आहे, असे उत्तर मंडळीने दिले आणि उत्तर आफ्रिकेतीलच बिशप ऑगस्टीनने ते विस्ताराने मांडले. म्हणून पाळक घसरले तरी त्यांनी दिलेला बाप्तिस्मा घसरत नाही, हे पंचांनी अशा माणसाला शांतपणे आणि त्या पाळकांची निंदा न करता समजावून सांगावे. बालपणीचा बाप्तिस्मा न मानणाऱ्या मंडळीत कोणी विचारपूर्वक जात असेल तर त्याच्याशी भांडू नये. पण आपल्या मंडळीत राहून दुसऱ्यांदा पाण्यात उतरण्याची गरज नाही, हे स्पष्ट करावे.

"अजून मी सुधारलो नाही" म्हणणाऱ्याविषयी

उपासनेला वर्षानुवर्षे येणारे, प्रार्थना करणारे, पण बाप्तिस्म्याचे नाव काढताच मागे सरणारे पुरुष प्रत्येक मंडळीत आहेत. तंबाखू सुटली नाही, दारूचा नेम नाही, जिभेवर ताबा नाही, नंतर पाप झाले तर काय, अशी त्यांची कारणे असतात, आणि ती प्रामाणिक असतात. सम्राट कॉन्स्टंटाईननेही बाप्तिस्मा आयुष्याच्या अगदी शेवटी, इ. स. ३३७ मध्ये, घेतला. बाप्तिस्म्यानंतरच्या पापांना क्षमा मिळणे कठीण, या समजुतीने त्या काळी अनेक जण असेच थांबत. या समजुतीला उत्तर देणे हे शिकवणीतील सर्वांत महत्त्वाचे काम आहे असे मला वाटते. प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायातील फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याने पौल आणि सीला यांच्या जखमा धुतल्या आणि त्याच रात्री त्याचा घरच्यांसह बाप्तिस्मा झाला. आधी त्याच्याकडून सहा महिन्यांच्या चांगल्या वागणुकीचा दाखला कोणी मागितला नाही. बाप्तिस्मा हे सुधारलेल्याला मिळणारे बक्षीस नव्हे, आणि त्यानंतर पडणाऱ्यासाठी पश्चात्तापाचा रस्ता बंद होत नाही, हे उमेदवाराला पहिल्याच बैठकीत सांगावे.

याचा अर्थ घाई करावी असा नाही. शिकवणी आठवड्यातून एकदा, शेतातली कामे आटोपल्यावर, उमेदवाराच्या घरी घ्यावी, म्हणजे घरातील इतरांच्याही कानावर ती पडते. प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा आणि प्रेषितांचा मतांगीकार एवढे तोंडपाठ व्हावे आणि त्यातील प्रत्येक ओळीचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगता यावा. ज्या आजीबाईंना अक्षरओळख नाही, त्यांना भजनांतून आणि गोष्टींतून शिकवावे आणि त्यांची तोंडी परीक्षाही न घेता त्यांच्याशी फक्त बोलावे. चारचौघांत अडखळल्यामुळे झालेला अपमान त्या विसरत नाहीत. प्रभूच्या प्रार्थनेतील ऋणे सोडण्याची ओळ मात्र प्रत्येकाने थांबून समजून घ्यावी. ज्याला आपण ऋण सोडायचे आहे असा माणूस कोण, हे नाव उमेदवाराने दुसऱ्या कोणाला सांगण्याची गरज नाही, पण ते त्याच्या स्वतःच्या मनात स्पष्ट असावे.

वय, संमती आणि कागद

जालन्याच्या ख्रिस्ती इतिहासातील एक घटना पंचांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्यांनी पुढे जालन्यात मिशनचे काम उभे केले आणि जवळच बेथेल ही वसाहत वसवली, त्या नारायण शेषाद्री यांचा बाप्तिस्मा १८४३ मध्ये मुंबईत झाला. त्याच वर्षी त्यांचा धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे आला होता, परंतु तो अल्पवयीन असल्यामुळे न्यायालयाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले आणि मुंबईत त्यावरून मोठे वादळ उठले. आईवडिलांच्या संमतीवाचून अठरा वर्षांखालील कोणाचाही बाप्तिस्मा करू नये, मग त्याची इच्छा कितीही उत्कट असो. त्याने उपासनेला यावे, प्रार्थना करावी आणि थांबावे.

प्रौढ उमेदवाराने स्वतःच्या हस्ताक्षरात, किंवा साक्षीदारांसमोर अंगठा करून, आपली इच्छा लिहून द्यावी. नोकरी, उपचार, शाळेचा प्रवेश, लग्न किंवा पैसा यांपैकी कशाचाही बाप्तिस्म्याशी संबंध जोडू नये, आणि जोडला जात असल्याची शंका आल्यास पंचांनी तारीख पुढे ढकलावी. राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने प्रत्येकाला धर्म मानण्याचे व आचरण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. तथापि धर्मांतरविषयक तरतुदी बदलत असतात, म्हणून त्या वेळी काय लागू आहे ते जिल्ह्याच्या ठिकाणच्या जाणत्या वकिलाला विचारून घ्यावे. अनुसूचित जातीतील उमेदवाराला आणखी एक गोष्ट आधीच सांगणे हे पंचांचे कर्तव्य आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हा दर्जा केवळ हिंदू, १९५६ पासून शीख आणि १९९० पासून बौद्ध धर्म मानणाऱ्यांनाच मिळतो, त्यामुळे ख्रिस्ती झाल्यावर तो राहत नाही. अनुसूचित जमातींच्या बाबतीत अशी धर्माची अट नाही. हे लपवून केलेला बाप्तिस्मा पुढे मुलाच्या महाविद्यालयीन प्रवेशाच्या वेळी घरात कडवटपणा आणतो, आणि "आम्हाला कोणी सांगितले नाही" हे गाऱ्हाणे खरे असते.

समेट आधी, पण अट म्हणून नव्हे

वेदीपाशी अर्पण आणले असता भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी जाऊन समेट करावा, असे प्रभूने मत्तयाच्या पाचव्या अध्यायात सांगितले आहे. बाप्तिस्म्याच्या आधीचे दोन आठवडे या कामासाठी राखून ठेवावेत. आपल्याकडील भांडणे बहुधा ठरलेली असतात: बांध कोरला, विहिरीच्या पाळीत मोटार चालू ठेवली, बहिणीचे नाव सात-बाऱ्यावरून परस्पर काढले, सोयरीक मोडली. यांपैकी जे उमेदवाराच्या किंवा बाळाच्या आईवडिलांच्या हातात आहे, ते त्यांनी निस्तरावे.

येथे पंच एक चूक वारंवार करतात. दोन भावांची भाऊबंदकी असते, धाकट्याच्या घरी बाळ जन्मते, आणि पंच ठरवतात की दोघे बोलल्याशिवाय बाळाचा बाप्तिस्मा होणार नाही. ही धमकी आहे, आणि धमकीने घडवलेला समेट पंगतीच्या भांड्यांबरोबर धुऊन जातो. जे भांडण बाळाने केले नाही त्याची शिक्षा बाळाला देऊ नये. त्याऐवजी धाकट्याने मोठ्या भावाच्या घरी स्वतः जाऊन, कोणाच्या हाती निरोप न पाठवता, आमंत्रण द्यावे. मोठा आला नाही तरी उपासनेत त्याची जागा आणि पंगतीत त्याचे पान ठेवावे. एवढे केल्यावर धाकट्याचा भाग पूर्ण झाला. मोठ्याचा भाग मोठ्याकडे राहतो, आणि पंचांनी त्याच्याकडे वेगळे जावे.

धर्मपिता आणि धर्ममाता निवडताना गावातील वजनदार माणसाला मान देण्याचा मोह होतो. त्याऐवजी, बाळ पंधरा वर्षांचे झाल्यावर जो त्याला तोंडावर खरे सांगू शकेल आणि ज्याच्याकडे ते चूक कबूल करायला न घाबरता जाईल, असा माणूस निवडावा. पैशाने तो कमी असला तरी चालेल.

पाणी

उन्हाळ्यात पाण्याचा प्रश्न आपल्या भागात नुसता विधीचा राहत नाही. २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, आणि आजही एप्रिल-मे महिन्यांत अनेक गावे टँकरची वाट पाहतात. अशा दिवसांत कोणी पूर्ण बुडवण्याचा हट्ट धरला, तर दिदाखे नावाने ओळखली जाणारी, पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या संधिकाळातील मंडळीची शिकवण त्यांना दाखवावी. तिच्यात वाहते पाणी उत्तम म्हटले आहे, ते नसेल तर दुसरे कोणतेही, थंड नसेल तर ऊन, आणि दोन्ही पुरेसे नसेल तर पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने मस्तकावर तीनदा पाणी ओतावे असे सांगितले आहे. म्हणजे टंचाईचा विचार मंडळीने सुरुवातीलाच करून ठेवला आहे. ज्या मंडळीचा नियमच पूर्ण बुडवण्याचा आहे, तिने श्रावणानंतरची तारीख घ्यावी.

ओतण्याच्या पद्धतीत पितळी घंगाळ किंवा मोठे पातेले पुरते, परंतु ते आदल्या संध्याकाळी चिंचेने घासून ठेवावे आणि त्यात पिण्याचे स्वच्छ पाणी भरावे. हिवाळ्याच्या सकाळी तान्ह्या बाळासाठी त्यात थोडे ऊन पाणी मिसळावे. पाणी कपाळावरून खरोखर वाहिले पाहिजे, नुसते ओले बोट टेकवू नये. आईने बाळाचे डोके आपल्या कोपरावर घेऊन किंचित खाली कलते धरले, तर पाणी नाकाडोळ्यांत न जाता केसांवरून मागे ओघळते आणि बाळ बहुधा रडत नाही. रडले तरी पाळकांनी थांबू नये आणि मंडळीने हसू नये. उरलेले पाणी मोरीत न ओतता झाडाच्या बुंध्याशी ओतण्याची अनेक मंडळ्यांची रीत चांगली आहे.

बुडवून बाप्तिस्मा द्यायचा असेल तर जागेची पाहणी आधी करावी, आणि याबाबतीत मी आग्रही आहे. प्लास्टिकचे अस्तर घातलेले शेततळे दिसायला शांत आणि सोयीचे असते, पण त्याच्या उतारावर ओला पाय टिकत नाही आणि पोहणाऱ्यालाही बाहेर पडता येत नाही. तेथे बाप्तिस्मा करू नये. कडेला पायऱ्या असलेली, पाणी कमरेएवढे असलेली विहीर किंवा हौद बरा. गोदावरीत उतरायचे असेल तर धरणातून पाणी सुटणार आहे का ते आदल्या दिवशी आणि त्याच सकाळी विचारावे. पाळकांबरोबर पोहता येणारे दोन जाणते पुरुष पाण्यात असावेत, काठावर दोर असावा, आणि फीट येणाऱ्या, हृदयविकाराच्या किंवा दिवस भरत आलेल्या उमेदवाराला ओतण्याचा पर्याय आपणहून सुचवावा. स्त्रियांनी गडद रंगाचे जाड कपडे घालावेत आणि कपडे बदलण्यासाठी काठावर चादरींचा आडोसा आधीच बांधलेला असावा. भिजलेल्या अवस्थेत त्यांचे फोटो काढू नयेत आणि कोणी काढत असेल तर वडिलांनी त्याला तेथेच थांबवावे.

एखादे बाळ किंवा विश्वास ठेवणारा आजारी माणूस मरणाच्या दारात असेल आणि पाळक पोहोचू शकत नसतील, तर अनेक पंथांच्या नियमानुसार कोणीही ख्रिस्ती व्यक्ती, परिचारिका असो वा आजी, कपाळावर पाणी ओतून "मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देत आहे" असे म्हणून बाप्तिस्मा देऊ शकते. नंतर पाळकांना कळवून त्याची नोंद करावी. बाळ जगले तर बाप्तिस्मा पुन्हा करायचा नाही. ते मंडळीत आणून सर्वांसमोर स्वागत करायचे.

रजिस्टरची नोंद त्याच दिवशी, जेवणाआधी, पूर्ण करावी. जन्मतारीख, आईवडिलांची नावे आणि नावाचे स्पेलिंग आधारकार्ड किंवा जन्मदाखल्याशी ताडून पाहावे.

त्यानंतरचे रविवार

बाप्तिस्मा झालेल्या माणसाला क्षमा कशी मागावी आणि कशी करावी हे मंडळीकडे पाहूनच समजते. उपासनेतील सामान्य पापांगीकार आपण बहुतेकदा एका श्वासात वाचतो. उपासना चालवणाऱ्याने त्यापूर्वी निदान अर्धा मिनिट शांत थांबावे, म्हणजे प्रत्येकाला गेल्या आठवड्यातील एक तरी गोष्ट आठवेल, आणि त्यानंतर क्षमेची घोषणा मात्र स्पष्ट, मोठ्या आवाजात करावी, कारण काही माणसे तेवढ्यासाठीच आलेली असतात. प्रभुभोजनाच्या (भाकर व द्राक्षारसाच्या विधीच्या) आधीच्या रविवारी त्याची सूचना द्यावी. मनुष्याने आत्मपरीक्षण करून मग भाकर खावी, असे पौल करिंथकरांस लिहितो, आणि त्या परीक्षणासाठी मधले सहा दिवस हवेत. भांडण मिटवायला जायचे असेल तर परगावची एसटीही पकडावी लागते.

आता क्षमा मागण्याविषयी. आपल्याकडे एक ठरलेले वाक्य आहे: "माझ्याकडून काही चुकलं-माकलं असेल तर माफ करा." उपवासकाळात आणि वर्षाच्या शेवटच्या रात्रीच्या उपासनेत ते सगळे सगळ्यांना म्हणतात, आणि किरकोळ गोष्टींसाठी ते पुरेसेही आहे. पण जेथे खरा घाव आहे तेथे हे वाक्य वापरू नये. तेथे जाऊन, बसून, नाव घेऊन सांगावे: "मावशी, तुमच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते तेव्हा तिला फिट येते असं मीच त्यांच्या कानावर घातलं. ते खोटं होतं. मी त्या पाहुण्यांकडे जाऊन तसं सांगून आले आहे." यात चूक काय ती स्पष्ट आहे, स्वतःची बाजू मांडलेली नाही, आणि नुकसान भरून काढण्यासाठी जे करता येईल ते आधीच केलेले आहे. समोरची बाई रडेल, बोलेल, कदाचित दार लावून घेईल. तिने त्याच बैठकीत क्षमा करावी अशी अपेक्षा ठेवू नये, आणि "पास्तरीणबाई, तुम्हीच सांगा आता हिला" असे म्हणून तिसऱ्याचे वजनही आणू नये.

क्षमा करणाऱ्यानेही घाईने "जाऊ द्या" म्हणू नये, जर ते गेलेले नसेल. "तुम्ही आलात हे चांगलं केलंत, पण मला थोडा वेळ लागेल" हे उत्तर प्रामाणिक आहे. पेत्राने किती वेळा क्षमा करावी असे विचारले तेव्हा प्रभूने साताच्या सत्तर पट सांगितले. एकाच घावासाठीही मनाला पुन्हा पुन्हा क्षमा करावी लागते, हे ज्याने केले आहे त्याला ठाऊक आहे. ज्याला क्षमा केली त्याची गोष्ट नंतर पाणवठ्यावर किंवा व्हॉट्सअॅपच्या गटावर काढायची नाही, एवढा नेम पहिल्या दिवसापासून पाळता येतो.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायात सांगितलेला क्रम, म्हणजे आधी एकट्याने जाऊन बोलणे, मग एक-दोघांना बरोबर घेणे आणि शेवटी मंडळीला सांगणे, आपल्याकडे नेमका उलटा चालतो. तक्रार आधी वार्षिक सभेत उभी राहते, मग गट पडतात आणि ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याला सर्वांत शेवटी कळते. पंचांनी कोणाचीही तक्रार ऐकताना पहिला प्रश्न "तुम्ही त्यांच्याशी बोललात का?" हा विचारावा, आणि बोलले नसतील तर तक्रार ऐकणे तेथेच थांबवावे. पुढे येणाऱ्या गुन्ह्यांच्या आणि हिंसेच्या बाबतीत मात्र हा प्रश्न विचारायचा नाही.

पैशाच्या प्रकरणात क्षमा आणि हिशेब वेगळे ठेवावेत. दानार्पणाचे किंवा सुगीच्या उपासनेत आलेल्या धान्याच्या विक्रीचे पैसे खजिनदाराने मुलीच्या दवाखान्यासाठी वापरले असे उघड झाले, तर त्याची अडचण खरी मानावी, त्याला क्षमा करावी, परतफेडीचे हप्ते त्याला झेपतील असे लिहून ठरवावेत, प्रत्येक हप्त्याची पावती द्यावी आणि खजिनदारी दुसऱ्याकडे सोपवावी. त्याच्याकडे पुन्हा किल्ली दिली नाही म्हणजे क्षमा केली नाही, असे कोणी म्हणू लागल्यास ते खरे नाही. प्रभुभोजनाच्या मेजाशी त्याची जागा आहे, तिजोरीशी नाही. आणि त्याच्या घरी त्या दवाखान्याच्या दिवसांत कोणी का गेले नाही, हाही प्रश्न पंचांनी आपल्या बैठकीत विचारावा.

जेथे क्षमेचे नाव पुढे करून थांबवू नये

मारहाण होणारी बहीण माहेरी आली, तर "क्षमा कर आणि नांदायला जा" असे सांगून तिला परत पाठवणे हे पाप आहे. मी हा शब्द विचार करून वापरत आहे. तिला सुरक्षित जागा द्यावी आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाण्यास सोबत करावी. नवऱ्याला पश्चात्ताप झाला असेल तर तो त्याच्या वागण्यात, दीर्घकाळ आणि तिच्यापासून दूर राहून, दिसला पाहिजे. मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या १९ व्या कलमानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणे हा गुन्हा आहे. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक मंडळीच्या फलकावर लिहिलेला असावा. पंचांनी आपापसांत बसून असे प्रकरण मिटवू नये, मग आरोपी कितीही जुना सभासद, वडील किंवा स्वतः पाळक असो. कॅथलिक मंडळीतील पापनिवेदनाची गुप्तता ही फक्त त्या संस्काराशी निगडित आहे; पंचांना चहाच्या वेळी कळलेल्या गोष्टीला ती लागू होत नाही.

जातीचेही तसेच. ज्यांनी ज्यांनी ख्रिस्तामध्ये बाप्तिस्मा घेतला त्यांनी ख्रिस्ताला परिधान केले आहे आणि त्यांच्यात यहूदी-हेल्लेणी, दास-स्वतंत्र असा भेद राहत नाही, हे गलतीकरांस पत्रातील वचन आपण बाप्तिस्म्याच्या दिवशी वाचतो, आणि लग्नाची गोष्ट निघाली की पूर्वीची जात विचारतो. ज्याचा असा अपमान झाला आहे त्याला आधी क्षमा करायला सांगणे अन्यायाचे आहे. आधी अपमान थांबला पाहिजे, आणि थांबवण्याचे काम अपमान करणाऱ्याच्या घरातील वडीलधाऱ्यांचे आहे.

परत येणाऱ्याचे स्वागत

शिस्तीच्या कारणाने एखाद्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवले असेल, तर त्याला परत घेण्याची तारीख आणि रीत ठरवलेली असावी, नाहीतर दूर ठेवणे आपोआप कायमचे होते. त्या काळात दोन वडिलांनी महिन्यातून एकदा तरी त्याच्या घरी जावे, आणि जाताना उपदेशाची तयारी करून जाऊ नये. परत घेण्याच्या दिवशी त्याचा दोष व्यासपीठावरून पुन्हा वाचू नये; पाळकांनी नाव घेऊन स्वागत करावे आणि मंडळीने शांतीची देवाणघेवाण करताना त्याच्यापर्यंत चालत जावे. अनेक वर्षे दूर राहून, दुसऱ्या गावी किंवा दारूत हरवून परत आलेल्या माणसालाही नव्या बाप्तिस्म्याची गरज नाही. बाप्तिस्मा रजिस्टरातील नाव कधीच खोडायचे नसते, त्यामुळे ते शोधून त्याला दाखवावे. सभासद यादीतून नाव कमी झाले असेल तर पंचांच्या पुढच्याच बैठकीत तारखेसह पुन्हा चढवावे, आणि येत्या प्रभुभोजनाची वेळ त्याला घरी जाऊन सांगावी.